कोरडा झाडू

भोईर गुरुजी,

तुम्ही गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी तुमचा फोटो टाकला होता, त्यात तुम्ही नेहमीसारखे अवघडून बसलेले. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली होती. मी वरच्या कुणाची तरी ओळ उचलली, जोडलेल्या हातांची दोन चित्रं लावली आणि पाठवून दिली. मग कुकर लावला. दुसऱ्या शिट्टीला माझ्या डोक्यात शिरलं की आपण आत्ता कुणाला श्रद्धांजली वाहिली, आणि मी गॅस बंद केला.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. चार वर्षं राहिली आहे. तुम्ही असताना ती तोंडातून निघाली नाही आणि आता तुम्ही ऐकायला नाही तर मी लिहायला बसले आहे. हे माझ्या किती सोयीचं आहे ते मलाही कळतं. पण न लिहिण्यापेक्षा हे बरं, असं समजून ऐका.

आपली खारेपाटातली दोन खोल्यांची शाळा. पहिली-दुसरी माझी, तिसरी-चौथी तुमची. तुम्ही रोह्याजवळच्या अष्टमीहून निघायचात, नागोठणं, मग खाडीकडचा तो खड्ड्यांचा रस्ता, आणि तरीही पेणहून येणाऱ्या माझ्या आधी तुमची फटफटी आंब्याखाली उभी असायची. मी नवीन होते तेव्हा पोरांवर फार ओरडायचे. एकदा तुम्ही मधल्या दारात उभे राहून ऐकलंत आणि दुपारी डबा खाताना म्हणालात, “बाई, प्रश्न विचारलात ना, मग आता गप्प बसा. पोरांना जरा वेळ द्या. उत्तराची घाई तुम्हाला आहे, त्यांना नाय.” गप्प बसणं मी तुमच्याकडून शिकले. पुढे ते मी नको तिथे वापरलं.

बुधवारी खिचडीच्या आधी तुम्ही दोन्ही वर्ग एकत्र व्हरांड्यात घ्यायचात. वेळापत्रकात त्याला ‘विज्ञान’ असं नाव होतं. पोरं त्याला ढकलाढकलीचा तास म्हणायची. दोन सारख्या पिशव्या, एकीत भाताचं तूस, एकीत मिठागरावरचं मीठ. तोंडं बांधलेली. “बघा रे, दिसायला जुळ्या बहिणी. ओढून सांगा कोण हट्टी हाय.” पोरं ओढायची, तुसाच्या पिशवीबरोबर मागे भेलकांडायची, मिठाच्या पिशवीपुढे दात-ओठ खायची. तुम्ही कधीच कुणाला बरोबर किंवा चूक म्हणाला नाहीत. “परत बघ” एवढंच म्हणायचात.

यावरून आपलं भांडण होतं. माझं म्हणणं, पोरांना शब्द द्या. बल म्हणा, घर्षण म्हणा, उद्या कुणी तपासायला आलं तर काय सांगणार? तुमचं म्हणणं, “आधी हाताला कळू दे. शब्द काय, पुस्तकात पडलेलेच हायत.” आणि खरंच साहेब आले. त्यांनी दुसरीतल्या एका पोराला उभं करून विचारलं, “बल म्हणजे काय?” पोराने बराच विचार केला आणि ठणकावून सांगितलं, “मिठाची गोनी.” साहेबांचा चेहरा पडला. तुम्ही मात्र असे खूश झालात जसं काही त्याला शिष्यवृत्ती मिळाली. ते भांडण आपलं मिटलंच नाही. मी आजही शब्द देते, पण आता तासाच्या शेवटी देते.

आणि माझ्या दुसरीतल्या सानिकाचं ते उत्तर. तुम्ही तिला शाळेची भिंत ढकलायला लावलंत. एवढीशी पोर, लालबुंद होईपर्यंत ढकलत होती.

“जोर लावलास?”

“व्हय.”

“भिंत हलली?”

“नाय.”

“मग जोर गेला कुठं?”

तिने आपले दोन्ही तळवे उघडून बघितले आणि म्हणाली, “माझ्या हातातच ऱ्हायला.”

मी लगेच दुरुस्त करायला पुढे झाले होते. तुम्ही हाताने मला थांबवलंत. त्या दिवशी फटफटीला किक मारतानासुद्धा तुम्ही एकटेच हसत होतात.

आता त्या बुधवारकडे येते. तिथे यायला मला नेहमी इतकाच वेळ लागतो.

तुमची फळी. खाडीचं पाणी अडवणारी बांधावरची उघाडी नवी बसवली तेव्हा जुन्या दारातली एक फळी तुम्ही मागून आणली होती, खाऱ्या पाण्याने काळी पडलेली, जड. ती दोन विटांवर टेकवून उतार करायचा आणि वरून काडेपेटीच्या गाड्या सोडायच्या. चाकांना बाटल्यांची बुचं. त्या दिवशी उतारावर आधी गोणपाट, मग वाळू, मग तिसरं काहीतरी गुळगुळीत हवं होतं. मीच म्हटलं, आमच्याकडून शंखजिरं आणते.

माझं सासर म्हणजे गणपतीचा कारखाना. साच्यातून मूर्ती अलगद सुटावी म्हणून आतून शंखजिऱ्याची भुकटी मारतात, ती हाताला रेशमासारखी लागते. ती आमच्या घरात कपड्यांवर, भांड्यांवर, केसांत, सगळीकडे असते. आणि सांडली तर तिच्यावर पाणी कधी घालत नाहीत. कोरड्या झाडूने गोळा करायची, चाळायची, परत डब्यात. खाली फळ्यांवर कच्च्या मूर्ती वाळत असतात, तिथे बादली ओतणारी सून कुणाला चालेल? इतक्या वर्षांत हाताला तेच वळण पडलं होतं. माझ्या लेखी झाडलं म्हणजे स्वच्छ झालं.

पोरांनी त्या दिवशी शाळा डोक्यावर घेतली. शंखजिऱ्यावरून गाडी सुटली की फळी संपून फरशीवरून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. पोरं ओंजळी भरभरून भुकटी टाकत होती. तास संपताना तांदळाची गाडी आली आणि तुम्ही उतरवून घ्यायला निघालात. जाता जाता म्हणालात, “बाई, फरशी धुवून घ्या. पोरं हात धुऊन धावतच येतील.”

मी झाडली. नीट झाडली, कोपऱ्याकोपऱ्यातून. अर्धा डबा भुकटी परत मिळाली याचा मला आनंदसुद्धा झाला. तुम्ही पाठीवर पोतं घेऊन आलात, दारात थांबलात आणि विचारलंत, “धुतलीत ना?”

मी म्हटलं, “हो.”

का म्हटलं ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खारेपाटात पाण्याची टंचाई असते, हे कारण मी मनातल्या मनात शंभर वेळा देऊन बघितलं. पण त्या दिवशी टाकी भरलेली होती. खरं एवढंच की मला कंटाळा आला होता, आणि मला वाटलं, काय फरक पडतो.

सानिका ओल्या पायांनी धावत आली. तिच्या हातात ताट होतं. आधी ताट वाजलं, मग ती. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. तुम्ही तिला आणि तिच्या आईला फटफटीवर बसवून पेणला नेलंत. मी मागे राहून बाकीच्या पोरांना खिचडी वाढली. आणि सगळे जेवायला बसल्यावर मी त्या फरशीवर एक बोट फिरवून पाहिलं. बोट पांढरं झालं. ते मी पदराला पुसलं.

शाळा समितीची बैठक तिसऱ्या दिवशी झाली. अध्यक्ष ओरडत होते. सानिकाची आई, सुगंधा, मिठागरावर टोपल्या उचलणारी बाई, ती ओरडत नव्हती, ते जास्त कठीण होतं. तिने एकच विचारलं, “फरशी धुतली हुती का नाय?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. म्हणालात, “धुतली होती. पन ते जात नसावं पान्यानं. मी आधी तपासायला पायजे होतं. तास माझा, फळी माझी, चूक माझी.”

मी हजेरीपटावर नजर लावून बसले होते. पुरी पहिली-दुसरी मला त्या दिवशी नावानिशी पाठ झाली असेल. एकदा ‘हो’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणायला एक पाऊल मागे यावं लागतं, आणि दर मिनिटाला ते पाऊल लांब होत जातं. बैठक संपली. तुम्ही फळी कपाटाच्या मागे भिंतीला तोंड करून ठेवलीत. पुढच्या बदल्यांत रोह्याकडची शाळा मागून घेतलीत. सगळे म्हणाले, बरं झालं, घराजवळ गेले. मीही म्हटलं.

त्यानंतर आपण भेटलो एकदाच, रोह्याच्या एसटी स्टँडवर. मी एका लग्नाला आले होते. तुम्ही हाक मारलीत, चहा पाजलात. धाटावच्या कारखान्यांची दुपारची शिफ्ट सुटली होती आणि स्टँडवर बसायला जागा नव्हती, म्हणून आपण उभ्यानेच प्यायलो. तुम्ही सानिकाच्या हाताची चौकशी केलीत. मग जरा जवळ सरकून, एखादं गुपित सांगावं तसं म्हणालात, “बाई, ते शंखजिरं मी घरी आनून बघितलं. धुतलं की जातं हो! साफ जातं. मग शाळेत कसं नाय गेलं? फरशीत काही फरक असेल?”

गुरुजी, त्या वेळी तुमच्या डोळ्यांत राग नव्हता, संशय नव्हता. तिथे फक्त एक न सुटलेलं गणित होतं आणि त्याचं उत्तर तुमच्यासमोर कपबशी धरून उभं होतं.

मी म्हटलं, “असेल.”

तेवढ्यात पेणची गाडी लागली. मी चहाबद्दल तुमचे आभार मानले आणि धावत जाऊन खिडकीची जागा पकडली.

गेल्या रविवारी मी अष्टमीला तुमच्या घरी गेले. दहावा होऊन गेला होता, माणसं पांगली होती. वहिनींनी मला ओळखलं. म्हणाल्या, “पेनच्या बाई ना? तुमचं नाव लई घ्यायचे.” मग त्या सांगत राहिल्या. रोह्याच्या शाळेत तुम्ही म्हणे पुस्तकातूनच शिकवायचात. पिशव्या नाहीत, उतार नाही, गाड्या नाहीत. तिथल्या तरुण शिक्षकांनी एकदा हौसेने काहीतरी मांडलं तर तुम्ही वर्गाबाहेर जाऊन उभे राहिलात. “म्हनायचे, माझ्या हातनं पोर मोडलंय. आता मला हक नाय.”

मला पाणी हवं होतं म्हणून मी मागे मोरीकडे गेले. तिथे भिंतीला लावून शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवलेला होता. आपल्या व्हरांड्यातली असते तसलीच. शेजारी एक पत्र्याचा डबा. मी झाकण काढलं नाही, कडेला लागलेल्या पांढऱ्या भुकटीवरूनच मला कळलं. वहिनी म्हणाल्या, “त्यांचं ते येड. रिकामा वेळ मिळाला की पावडर टाकायचे, धुवायचे, अनवानी उभे ऱ्हायचे. वहीत लिवायचे. दाखवू?”

शाळेचीच वही, दोनशे पानी. तुमचं ते गोल अक्षर.

एक तांब्या पाणी: निसरडं नाही.
अर्धा तांब्या: निसरडं नाही.
नुसतं ओलं फडकं: निसरडं नाही.
मचूळ पाणी: निसरडं नाही.
शंखजिरं दुप्पट, एक तांब्या: निसरडं नाही.

अशी पाच पानं. कधी निळ्या शाईने, कधी पेन्सिलीने, म्हणजे पुष्कळ दिवसांत लिहिलेली. शेवटी एक ओळ: “मग तेव्हा का?”

पोरांना तुम्ही शिकवायचात ना, एकेक गोष्ट बदलून बघायची, काही सोडायचं नाही. तुम्ही काहीच सोडलं नव्हतंत. पाच पानांत फक्त कोरडा झाडू नव्हता. तो तुम्ही लिहिला नाहीत कारण मी ‘हो’ म्हटलं होतं. माझा शब्द तुम्ही एकदाही तपासून पाहिला नाहीत. दुसरं सगळं तपासलंत.

मी वहिनींकडे पेन मागितलं आणि तुमच्या शेवटच्या ओळीच्या खाली लिहिलं: “कोरडा झाडू, पाणी नाही: निसरडं.” माझं अक्षर तुमच्या अक्षराखाली फार वाईट दिसत होतं. वहिनींनी विचारलं, “काय लिवलंत?” मग मी त्यांना सगळं सांगितलं. ‘हो’पासून ‘असेल’पर्यंत.

त्या ओरडल्या नाहीत. वहीवरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, “तुमच्याकडं फोन होता की, बाई.”

मी चप्पल घालून निघाले तरी त्या बसल्या जागेवरून उठल्या नाहीत. कुंडलिकेच्या पुलावर आले तेव्हा मला रडू आलं आणि माझा मलाच राग आला. रडायचा हक्क त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सुगंधाच्या घरी गेले. सानिका आता सहावीत आहे, हायस्कूलला गेलेली होती. तिचं मनगट तुम्हाला माहीत आहे, थोडं वाकडंच जुळलं. धाकटी आर्या माझ्याच पहिलीत आहे. सुगंधा अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. मी उभ्यानेच बोलले, बसले असते तर जमलं नसतं. मला वाटत होतं ती मला शिव्या देईल, आणि खोटं कशाला सांगू, मला त्या हव्या होत्या. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो.

ती शेंगा सोलत राहिली. सूप भरलं तेव्हा म्हणाली, “गुरुजी आलते वो हिकडं. हास्पिटलातनं पोरगी घरी आनली त्या दिशी. लाडू घेऊन आलते. मी दारातनंच परत लावलं. पोरगी आतनं हाका मारीत हुती त्यांना, तरी भेटू दिली नाय. मंग दोन येळा आले. मी दार लावून घेतलं.”

हे मला माहीत नव्हतं, गुरुजी. तुम्ही कधी बोलला नाहीत.

“आता मी कुनाकडं जाऊ?” ती म्हणाली. “तुमी आलात माझ्याकडं. मी कुनाकडं जाऊ, सांगा ना!”

मी इतकी वर्षं समजत होते की ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे. ते खाली ठेवायला म्हणून मी तिच्या अंगणात गेले आणि अर्धं तिच्या डोक्यावर देऊन आले. निघताना मी तिला म्हटलं की येत्या बुधवारी मी गुरुजींची फळी काढणार आहे, त्यांच्यासारखाच तास घेणार आहे, शंखजिरंसुद्धा टाकणार आहे. तुझी नसेल इच्छा तर आर्याला पाठवू नकोस.

सुगंधाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “पाठवीन,” म्हणाली. “तिला बी कळू दे गुरुजी काय शिकवायचे ते. पन तुमचा भरोसा नाय मला. मी येऊन बघनार.”

काल बुधवार होता. फळी कपाटामागून काढताना मला धाप लागली, तुम्ही ती एका हाताने कशी उचलायचात कोण जाणे. विटा लावल्या. गोणपाट, वाळू, शंखजिरं. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. सगळ्यात लांब गेलेली गाडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जाऊन आपटली आणि तिचं एक बूच निखळलं. मी प्रश्न विचारला आणि गप्प बसले. आर्याने विचारलं, “बाई, ही फळी कुनाची?” मी सांगितलं, भोईर गुरुजींची. “ते कुठं हायत?” मी सांगायच्या आत खांबाला टेकून उभी असलेली सुगंधा म्हणाली, “ते वारले गो. लई चांगले व्हते.”

तास संपला. पोरांना मी वर्गात बसवून दार ओढून घेतलं. टाकीवरून बादली भरून आणली, ओतली, खराट्याने घासलं. दुसरी ओतली. पांढरं पाणी पायरीवरून अंगणात गेलं आणि फरशी काळीभोर दिसायला लागली. मी साडीचा खोचा सोडला.

सुगंधाने चपला काढल्या. अनवाणी पायाने ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, दर पावलाला टाच घासून, जोर देऊन. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली, जिथे सानिका पडली होती तिथे. तिने वाकून उंबऱ्याच्या आत बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि मला दाखवलं.

“बाई, ह्यो कोपरा ऱ्हायला.”

मी तिसरी बादली भरायला गेले.